जहाजाने वळावे केव्हा

समुद्रावर झालेल्या अनेक टक्करींच्या चौकशीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: दोन्ही जहाजांनी एकमेकांना बऱ्याच आधी पाहिलेले असते. रडारच्या पडद्यावर ठिपका उमटलेला असतो, क्षितिजावर दिवा दिसलेला असतो, वॉचवरच्या अधिकाऱ्याने दुर्बिणीतून त्याच्याकडे बघितलेलेही असते. हुकते ती वेळ. कोणत्या जहाजाने वाट द्यायची हे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट आहे. केव्हा द्यायची हे मात्र तिथे मिनिटांत किंवा मैलांत सांगितलेले नाही. ‘पुरेसा वेळ हाताशी असताना’ एवढेच म्हटले आहे. हा पुरेसा वेळ म्हणजे किती, याचा हिशेब प्रत्येक जहाजावर, प्रत्येक वॉचमध्ये, नव्याने करावा लागतो.

हिशेबाची सुरुवात वेगापासून होते. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. दोन जहाजे प्रत्येकी १८ नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर ३६ नॉट वेगाने, म्हणजे दर मिनिटाला ०.६ मैलाने कमी होते. रडारवर १२ मैलांवर दिसलेले जहाज २० मिनिटांत येऊन ठेपते. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या डोलकाठीवरचे पांढरे दिवे नियमाप्रमाणे किमान ६ मैलांवरून दिसायला हवेत. ते नजरेस पडतात तेव्हा १० मिनिटे उरलेली असतात. पुढचा पांढरा दिवा खाली आणि मागचा वर असतो, त्यामुळे दोन्हींच्या मांडणीवरून समोरचे जहाज कुठे तोंड करून आहे याचा अंदाज बांधता येतो. खात्री पटते ती बाजूच्या दिव्यांवरून, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा. पण या दिव्यांसाठी नियमाने ठरवलेले किमान अंतर ३ मैलांचेच आहे. रडार नसते आणि केवळ डोळ्यांवर भिस्त असती, तर लाल की हिरवा हे नक्की कळेपर्यंत पाचच मिनिटे उरली असती.

धोका आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची रीत होकायंत्राची आहे. समोरच्या जहाजाची दिशा, म्हणजेच बेअरिंग, होकायंत्रावरून दर थोड्या वेळाने मोजत राहायची. अंतर कमी होत आहे आणि बेअरिंग जिथल्या तिथे आहे, तर दोन्ही जहाजे एकाच बिंदूकडे चालली आहेत. बेअरिंग ठळकपणे पुढे किंवा मागे सरकत असेल, तर ते जहाज आपल्या पुढून किंवा मागून निघून जाईल. ब्रिजच्या खिडकीच्या चौकटीशी ताडून बघण्याची सवय अनेकांना असते, पण आपलेच जहाज थोडे डोलले वा वळले की ती फसवते. मोजमाप होकायंत्राचेच हवे.

ही रीत सोपी दिसते. तिच्यातली अडचण आकडे मांडल्यावर कळते. समजा, समोरचे जहाज एक मैल अंतर राखून सुखरूप निघून जाणार आहे. ते १२ मैलांवर असताना त्याची दिशा टक्करीच्या दिशेपासून जेमतेम ४.८ अंशांनी वेगळी असते. ६ मैलांवर आले की हा फरक ९.६ अंश होतो आणि ३ मैलांवर १९.५ अंश. म्हणजे १२ मैलांपासून ६ मैलांपर्यंतच्या दहा मिनिटांत बेअरिंग पाच अंशांनीसुद्धा सरकत नाही. तेच जहाज अर्ध्या मैलावरून जाणार असेल, तर त्याच दहा मिनिटांत बेअरिंग जवळपास २.४ अंश सरकते. हलत्या जहाजावरून घेतलेल्या बेअरिंगमध्ये अर्ध्याएक अंशाची चूक सहज होते. त्यामुळे लांब अंतरावर सुरक्षित जहाज आणि धोक्याचे जहाज जवळजवळ सारखेच दिसतात. ३ मैलांवर फरक लख्ख दिसतो, पण तोवर हाताशी फारसे काही उरलेले नसते. जितके थांबावे तितकी माहिती पक्की होते आणि तितकीच वळायला जागा कमी पडते. वेळेचा सगळा प्रश्न या पेचात आहे. कायदा, यंत्रे आणि दर्यावर्दींच्या सवयी, तिन्ही हाच पेच सोडवत आलेली आहेत.

नियमांनी यावर दोन बाजूंनी बांध घातला आहे. धोका आहे की नाही याबद्दल शंका असेल तर तो आहे असेच धरून चालायचे, हा एक. अपुऱ्या माहितीवर, विशेषतः रडारवरच्या तुटपुंज्या माहितीवर, अनुमान बांधायचे नाही, हा दुसरा. वरवर पाहता ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात जातात. प्रत्यक्षात दोन्हींचा रोख एकच आहे: माहिती लवकर गोळा करायला लागा, म्हणजे निर्णयाच्या वेळी ती हाताशी असेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी जहाजांवर रडार आले तेव्हा दाट धुक्यातली जहाजेही दिसू लागली. पण रडारचा ठिपका फक्त ‘आत्ता कुठे’ हे सांगतो. ‘कुठे चालला’ हे काढावे लागते. त्यासाठी अधिकारी मेणाच्या पेन्सिलीने पडद्यावर किंवा छापील कागदावर ठिपक्याच्या जागा टिपत. त्या बहुधा दर ६ मिनिटांनी टिपल्या जात, कारण ६ मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग; कापलेल्या अंतराला दहाने गुणले की वेग मिळतो. त्या जागा जोडणारी रेघ पुढे वाढवली की समोरचे जहाज किती जवळून आणि किती वेळाने जाणार हे कळे. आज हे काम यंत्र करते. सर्वांत जवळचे अंतर म्हणजे सीपीए आणि तिथवर लागणारा वेळ म्हणजे टीसीपीए, हे दोन आकडे पडद्याच्या कडेला आपोआप उमटतात. ते इतके नीटनेटके दिसतात की ते अनुमान आहे याचा विसर पडतो. यंत्राच्या मानकाप्रमाणे एका मिनिटात समोरच्या जहाजाचा कल आणि तीन मिनिटांत त्याच्या गतीचा अंदाज मिळायला हवा. म्हणजे पहिल्या मिनिटाचा आकडा कच्चा असतो. दोघांपैकी कुणीही वळले की हिशेब पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि आकड्याची गरज सर्वांत जास्त असते ती नेमकी तेव्हा. एआयएस या यंत्रणेने समोरच्या जहाजाचे नाव, वेग आणि मार्ग रेडिओवरून मिळतो; पण ती माहिती त्या जहाजाच्याच उपकरणांनी पाठवलेली असते. तिथले उपकरण चुकले तर इथला आकडाही चुकतो.

नियमांचा इतिहास वाफेच्या जहाजांपासून सुरू होतो. लंडनच्या ट्रिनिटी हाऊसने १८४० मध्ये वाफेच्या जहाजांसाठी नियम काढले, १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने समान नियम स्वीकारले, १८८९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सध्या लागू असलेले नियम १९७२ च्या कराराने आले आणि १५ जुलै १९७७ पासून जगभर अमलात आहेत. भारताने ते १९७५ च्या नियमावलीने आपल्या कायद्यात घेतले. मार्ग छेदणाऱ्या दोन यांत्रिक जहाजांपैकी ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट द्यायची. दुसऱ्याने आपला मार्ग आणि वेग कायम ठेवायचा. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचे. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, तो कोणत्याही प्रकारचा असो, पुढच्याला मोकळे सोडायचे.

वाट देणाऱ्याचे काम त्या मानाने सरळ आहे: लवकर वळावे, मोठे वळावे. खरी परीक्षा मार्ग कायम ठेवणाऱ्याची होते. आंतरराष्ट्रीय नियम त्याला ‘हक्क’ देत नाहीत. ते त्याच्यावर स्थिर राहण्याचे बंधन घालतात. तो स्थिर राहिला तरच दुसऱ्याला त्याच्याभोवती आपली वाट आखता येते. पण दुसरा वळलाच नाही तर? १९७२ च्या आधीच्या नियमांत याचे उत्तर फार कठोर होते. केवळ दुसऱ्याच्या हालचालीने टक्कर टळणे अशक्य व्हावे इतके जवळ येईपर्यंत स्थिर राहायचे, आणि मग काय करता येईल ते करायचे. मोठी जहाजे वळायला वेळ घेतात, त्यामुळे त्या क्षणी केलेली हालचाल बहुधा वाया जाई. १९७२ च्या नियमांनी मध्ये एक पायरी घातली: वाट देणारे जहाज योग्य हालचाल करत नाही हे स्पष्ट होताच स्थिर जहाजाने स्वतः हालचाल केली तरी चालेल. ‘केली तरी चालेल’ आणि ‘केलीच पाहिजे’ यांतल्या मोकळ्या जागेत आज कितीतरी जहाजांचे भवितव्य ठरते.

या विषयावरच्या सर्वमान्य मार्गदर्शिकेत, कॉकक्रॉफ्ट आणि लामेयर यांच्या ग्रंथात, स्थिर जहाजाच्या दृष्टीने चार टप्पे मांडले आहेत. फार दूर असताना, धोका सुरूच झालेला नसताना, दोघेही मोकळे. कुणीही कसेही वळावे. धोका सुरू झाला की एकाने वाट द्यायची आणि दुसऱ्याने स्थिर राहायचे. समोरचा काहीच करत नाही असे दिसले की स्थिर जहाजाला पाच छोटे भोंगे देऊन स्वतः वळण्याची मुभा. आणि शेवटी, एकट्या दुसऱ्याच्या हालचालीने भागणार नाही अशी वेळ आली की वळणे सक्तीचे. मोकळ्या समुद्रात दुसरा टप्पा साधारण ५ ते ८ मैलांवर आणि तिसरा २ ते ३ मैलांवर सुरू होतो, असा अंदाज त्यांनी दिला आहे. हे आकडे कायद्यात नाहीत, तरी ब्रिजवर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते असतात. तिसऱ्या टप्प्यात वळताना एक पथ्य आहे: आपल्या डाव्या हाताला असलेल्या जहाजासाठी शक्यतो डावीकडे वळायचे नाही. उशिरा का होईना, ते जहाज जागे होऊन उजवीकडे वळेल, आणि मग दोघेही एकाच बाजूला वळलेले असतील.

या अंतरांमागे जहाजाचा आकार आहे. २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सुकाणू पूर्ण फिरवल्यावर जहाजाने ९० अंश वळेपर्यंत मूळ दिशेने पुढे जायचे अंतर स्वतःच्या लांबीच्या साडेचार पटीहून अधिक नसावे. पूर्ण वेगातून इंजिन उलटे फिरवून थांबायला लागणारे अंतर १५ लांब्यांच्या आत असावे. ३०० मीटरच्या जहाजासाठी पहिला आकडा १,३५० मीटर, म्हणजे पाऊण मैलाहून किंचित कमी, आणि दुसरा साडेचार किलोमीटर, सुमारे २.४ मैल. भर समुद्रात थांबण्यापेक्षा वळण्यावर भर का, हे यावरून कळते. शिवाय समुद्रवेगावर चालणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनाचा वेग एकदम उतरवता येत नाही. इंजिनरूमला आधी सांगावे लागते. किनाऱ्याजवळ किंवा बंदराच्या तोंडाशी वळायला जागा नसते, म्हणून तिथे मात्र वेग कमी ठेवणे हाच पहिला उपाय ठरतो.

लवकर वळण्याइतकेच मोठे वळणे महत्त्वाचे, कारण वळण दुसऱ्याला दिसले पाहिजे. त्याच्या डोळ्यांना आणि रडारला लगेच उमजेल इतके मोठे वळण घ्यावे आणि थोडे थोडे वळत जाणे टाळावे, असा नियमच आहे. ३० अंशांहून कमी वळण सहसा पुरेसे मानत नाहीत. रात्री तर लाल दिवा जाऊन हिरवा दिसावा किंवा हिरवा जाऊन लाल दिसावा, इतके वळावे. याची सर्वांत वेदनादायक साक्ष २५ जुलै १९५६ च्या रात्रीची आहे. इटलीचे प्रवासी जहाज आंद्रेआ दोरिया जिनोआहून न्यूयॉर्कला चालले होते आणि स्वीडनचे स्टॉकहोम न्यूयॉर्कहून गोथेनबर्गला. नॅन्टकेट बेटाच्या परिसरात दोरिया दाट धुक्यात सुमारे २२ नॉटने जात होते. त्याला स्टॉकहोम रडारवर सुमारे १७ मैलांवर दिसले, जवळजवळ समोर, किंचित उजवीकडे. दोघांचे वेग मिळून ४० नॉट. हाताशी पंचवीसेक मिनिटे होती. उजवी बाजू उजव्या बाजूला ठेवून पार होऊ, असे कप्तान पिएरो कालामाई यांना वाटले. अंतर वाढावे म्हणून जहाजे साडेतीन मैलांवर आल्यावर त्यांनी डावीकडे ४ अंश वळवले. चार अंश! रडारच्या पडद्यावर तेवढा बदल कुणालाच दिसण्यासारखा नव्हता. दोरियावर स्टॉकहोमच्या ठिपक्याच्या जागा टिपून हिशेब केलेला नव्हता. स्टॉकहोमच्या तरुण थर्ड मेटचा समज उलट होता: डावी बाजू डाव्या बाजूला ठेवून पार व्हायचे. धुक्यातून अचानक दिवे दिसल्यावर तो दोन मैलांहून कमी अंतरावर उजवीकडे वळला. शेवटच्या क्षणी दोरियाने सुकाणू पूर्ण डावीकडे टाकले, आणि त्याची उजवी कूस स्टॉकहोमच्या नाळेसमोर आली. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसे मेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरिया बुडाले. खटला न्यायालयाबाहेर मिटला, त्यामुळे दोष कुणाचा किती याचा निवाडा झाला नाही. पण १७ मैलांवर घेतलेले ३० अंशांचे उजवे वळण या सगळ्याला पुरून उरले असते.

धुक्यासाठीचा नियम वेगळा आहे तो याचसाठी. एकमेकांना डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या जहाजांत कुणी ‘स्थिर’ नसते. धोका दिसला की प्रत्येकाने वेळेवर हालचाल करायची. पुढच्या बाजूला असलेल्या जहाजासाठी, ते मागे टाकले जात नसेल तर, डावीकडे वळणे टाळायचे. आणि बाजूला किंवा मागे असलेल्या जहाजाच्या दिशेने वळायचे नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा हिशेब आणखी अवघड होतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की ऑगस्टपासून ट्रॉलर, गिलनेटच्या होड्या आणि बोंबलासाठी लावलेल्या डोल जाळ्यांजवळच्या होड्या यांनी मुंबई ते रत्नागिरीचा समुद्र भरून जातो. जाळे पाण्यात असलेल्या होडीला यांत्रिक जहाजाने वाट द्यायची असते, कारण तांडेलाला जाळे सोडून वळता येत नाही. पण लाकडी होडीचा रडारवरचा प्रतिध्वनी क्षीण असतो, पावसाळी लाटांच्या गडबडीत तो हरवतो, आणि अनेक होड्यांवर एआयएस नसते. ट्रॉलिंग करणाऱ्या होडीने पांढऱ्यावर हिरवा आणि इतर मासेमारी करणाऱ्या होडीने पांढऱ्यावर लाल दिवा लावायचा असतो. काही होड्यांवर चमकत्या एलईडी दिव्यांच्या माळा असतात. त्यांवरून होडी कुठे चालली ते ओळखता येत नाही. एका होडीसाठी वळावे तर दुसरी समोर येते. इथे ६ मैलांवर निर्णय घेण्याची पुस्तकी चैन नसते. जाणकार कप्तान अशा रात्री मार्गच किनाऱ्यापासून दूर आखतात. त्यांचा निर्णय कित्येक तास आधी, नकाशावर पेन्सिल टेकवतानाच झालेला असतो.

बंदराच्या तोंडाशी तर चुकीला जागाच नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलीजिया ३ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा एका बाजूला कलले, शेकडो कंटेनर समुद्रात पडून तरंगू लागले, इंधनतेल पसरले, आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेल किनाऱ्यावरच्या तिवरांपर्यंत पोचले. अशा अरुंद वाटेत जहाजे जवळून जाणारच असतात, म्हणून अंतराची मोकळ्या समुद्रातली मोजपट्टी तिथे चालत नाही. वेग आणि दुसऱ्याचा इरादा आधी समजणे, यांवरच सगळे अवलंबून असते.

शेवटी निर्णय माणसाचा असतो. मध्यरात्री बारा ते चार हा वॉच सेकंड मेटचा. ब्रिजवर अंधार असतो, कारण डोळ्यांना अंधाराची सवय ठेवावी लागते. रडारचा पडदा मंद केलेला, लुकआऊटवर एक खलाशी, खाली सगळे झोपलेले. अनेक जहाजांवर कप्तानाच्या लेखी सूचना असतात: सीपीए इतक्या मैलांहून कमी झाला तर बोलवा, शंका आली तर बोलवा. तरीही फोनकडे हात जात नाही. कप्तान थकून झोपले आहेत, आपण सांभाळून घेऊ, समोरचा वळेलच. १७ जून २०१७ च्या पहाटे जपानजवळ अमेरिकी नौदलाचे फिट्झजेराल्ड आणि फिलिपाइन्सचा झेंडा असलेले एसीएक्स क्रिस्टल यांची टक्कर झाली. क्रिस्टल उजव्या हाताला होते. वाट द्यायची होती फिट्झजेराल्डने. नौदलाच्या अहवालानुसार वॉचवरच्या अधिकाऱ्याने वेळेवर वळवले नाही, धोक्याचा भोंगा दिला नाही, आणि आपल्या खोलीत असलेल्या कप्तानांनाही बोलावले नाही. आत शिरलेल्या पाण्यात सात खलाशी बुडाले. व्हीएचएफ रेडिओवर बोलून ठरवून घेण्याचा मोहही असाच घातक. रात्री आपण ज्याच्याशी बोललो ते समोरचेच जहाज होते याची खात्री नसते. बोलण्यात जी मिनिटे जातात ती वळण्याची असतात, आणि तोंडी ठरलेली गोष्ट नियमाच्या उलट असली तर तिसऱ्या जहाजाला तिचा पत्ता नसतो.

वळण घेतल्यावरही काम संपत नाही. समोरचे जहाज पूर्णपणे मागे पडून मोकळे होईपर्यंत आपल्या हालचालीचा परिणाम तपासत राहायचा असतो. बेअरिंग आता झपाट्याने सरकू लागले पाहिजे. नाही सरकले तर वेग कमी करायचा, लागल्यास थांबायचे. मूळ मार्गावर परतायचे तेही हाच हिशेब पुन्हा करून, कारण लवकर परतल्यास जहाज पुन्हा त्याच बिंदूकडे चालू लागते. समोरच्या जहाजाचा पिछाडीचा पांढरा दिवा दिसू लागला आणि अंतर वाढत चालले की सेकंड मेट सुकाणूवरच्या खलाशाला जुना कोर्स सांगतो. मग वळण्याची वेळ आणि बेअरिंगच्या नोंदी लिहून तो पुन्हा क्षितिजाकडे दुर्बीण लावतो.